मोडीच्या भावात

नगरपालिकेच्या फलकावर गेल्या आठवड्यात एक नोटीस लागलीय. ‘निर्लेखित साहित्याचा जाहीर लिलाव.’ आपण घरात एखादी वस्तू भंगारात काढतो, सरकार तिचं निर्लेखन करतं. फरक इतकाच की आपल्याला एक रविवार पुरतो, सरकारला समिती, ठराव, मूल्यांकन आणि दोन-तीन वर्षं लागतात. यादीत बावन्न बाबी आहेत. मोडक्या हातगाड्या, जळालेल्या मोटारी, पत्र्याची कपाटं, एक जीप (चाकांशिवाय), नळाची बिडाची जुनी पाइप. मी बातमीसाठी यादीचा फोटो काढला आणि घरी येऊन मोठा करून वाचला. चौतिसावी बाब होती : ‘जुना पितळी टोल, नग १, वजन अंदाजे ११ किलो.’

आमच्या वयाच्या लोकांना हा टोल माहीत आहे. जुन्या कचेरीच्या ओसरीत लोखंडी साखळीला टांगलेला असायचा, ताटाएवढा जाड गोल पत्रा. शिपाई लाकडी हातोड्याने तासाचे ठोके द्यायचा. शाळेत असताना आम्ही दुपारचे ठोके मोजायचो. पुढे भोंगा आला, मग प्रत्येकाच्या मनगटाला घड्याळ आलं आणि टोल गोदामात गेला. तो किती जुना, कोणी ओतला, याची कुठे नोंद नाही. पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे, कारण परवा मी गल्लीतल्या म्हाताऱ्या तांबट काकांना घेऊन गोदामात गेलो होतो. त्यांनी टोलाला नखाने टिचकी मारली, कान जवळ नेला आणि म्हणाले, “हे पितळ नाही. कासं आहे. पितळ असं बोलत नाही.”

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील. कथील महाग, म्हणून काशाचा भाव पितळेपेक्षा चढा. म्हणजे पालिका एक तर गावाचा टोल विकतेय, आणि विकतेय तोही चुकीच्या भावाने.

यावर दोन ओळींची बातमी दिली. पण डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबलचक लिहितोय. ज्यांना वेळ नाही त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद वाचले तरी चालेल, तिथे तारीख आणि वेळ आहे.

आपल्याकडे भंगार हा शब्द फार बोकाळला, पण भांड्यांच्या दुकानातला जुना शब्द ‘मोड’. तांब्या-पितळेचं फुटकं, चेपलेलं, भोक पडलेलं भांडं म्हणजे मोड. ते तांबटाकडे न्यायचं, तो काट्यावर टाकायचा, थोडी घट धरायचा (मळ, डाग, जोडातलं शिसं-कथील) आणि मोडीच्या भावाने पैसे लावायचा. नव्या भांड्याच्या किमतीतून ते वजा. बाकीची रक्कम ही घडणावळ म्हणून समजायची. म्हणजे धातू तुमचाच, फक्त त्याचा आकार बदलून मिळाला. सोनाराकडे आजही हेच चालतं. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार इथूनच आपल्या तोंडी बसला असावा, आता आपण संस्था, कायदे, माणसंसुद्धा मोडीत काढतो.

या व्यवहारात फेकणं हा प्रकारच नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. पितळेचा हंडा ही गृहिणीची ठेव होती. अडीअडचणीला हंडा मोडला की आठ दिवसांची चूल पेटायची. नाशिकला पंचवटीच्या बाजूने पूल ओलांडून आलं की भांडी बाजार लागतो. पुण्याला कसब्यात तांबट आळी आहे. या आळ्यांतून ठोक्यांचा जो आवाज यायचा, त्यातला बराचसा जुन्या धातूचा असायचा. खाणीतून आलेलं नवं तांबं महाग आणि दूरचं, घरातली मोड हाताशी.

आणि भांड्यांवर नावं असायची. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली. कोणाच्या लग्नात कोणी दिलं, कोणाच्या स्मरणार्थ, शके अमुक. आमच्या आईच्या लग्नातला हंडा आणि कळशी माझ्या लहानपणी मोडीत गेली, बदल्यात स्टीलचं पिंप आलं. मी बरोबर होतो. दुकानदाराने हंडा काट्यावर उपडा ठेवला आणि मला त्यावर आजीचं नाव दिसलं, उलटं. आईने एकदा पदराने त्यावरची धूळ पुसली. का पुसली कोणास ठाऊक, तो तर वितळायलाच चालला होता. त्या घरच्या बायकांची नावं कागदावर फारशी कुठे नव्हती. सातबाऱ्यावर नाही, शाळेच्या दाखल्यावर नाही, कारण शाळाच नाही. भांड्यावर मात्र होती. म्हणून मला कधीकधी वाटतं, आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांच्या बायकांचं दप्तरच आपण किलोवर विकलं.

आता जरा मागे जाऊ. जुनी धातूची वस्तू हाती आली की वितळवायची की ठेवायची, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा उमटवलेला होता. म्हणजे शत्रूला हरवल्यावर त्याची नाणी गोळा करून भट्टीत टाकण्याऐवजी त्याच नाण्यांवर वरून ठोका मारला. खाली नहपानाचा चेहरा अर्धवट दिसतो, वर सातवाहनांची चिन्हं. भट्टी लावली असती तर नाणी देखणी झाली असती, पण कोण कोणाला हरवून आलं याचा इतका ढळढळीत पुरावा उरला नसता. नहपान आणि गौतमीपुत्र यांचा काळ जुळवताना इतिहासकारांना या साठ्याचा मोठा आधार झाला. घाईघाईने केलेल्या पुनर्वापरामुळे इतिहास वाचला, असं म्हणायला हरकत नाही.

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे, तिथली घंटा सगळ्यांनी पाहिलेली असते. ती पोर्तुगीज घंटा, १७२१ सालची. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या. त्या काळात जिंकलेला धातू म्हणजे तोफेचा कच्चा माल, युरोपात तर घंटा वितळवून तोफा ओतणं नेहमीचंच. या घंटांपैकी काही मात्र उचलून आणून देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहे. त्यांना परक्या देवाची घंटा चालली. गोदेला पूर आला की पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोचलं का, हे आजही नाशिककर विचारतात. एखादी जुनी वस्तू गावात टांगलेली राहिली की ती अशी कामाला येते, तिच्या वजनाशी त्याचा काही संबंध नसतो.

आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातलं दायमाबाद. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल नावाचा माणूस सरपणासाठी झुडपाचं खोड खणत होता. खाली ब्राँझच्या चार वस्तू निघाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ हाकणारा माणूस. चारही मिळून साठ किलोंच्या वर. अभ्यासक त्यांना हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळाशी जोडतात, त्यावर वादही आहेत. मी मात्र दुसरंच पाहतो. सरपण गोळा करणाऱ्या माणसाच्या हाती साठ किलो ब्राँझ लागलं. त्या दिवशी ते मोडीच्या काट्यावर गेलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. गेलं नाही. ज्या जमातीवर इंग्रजांच्या काळापासून संशयाची नजर राहिली, त्या जमातीतल्या माणसाच्या फावड्यामुळे देशाचा ठेवा मिळाला, हे शाळेच्या पुस्तकात एका वाक्यात तरी असायला हवं होतं.

दुसऱ्या महायुद्धात तर खुद्द सरकारलाच मोड पुरेना. चांदीच्या रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आणली. १९४३ मध्ये भोकाचा पैसा आला. आधीच्या पैशाचं वजन जवळपास पाच ग्रॅम, या नव्याचं दोन ग्रॅमही नाही. मधलं तांबं सरकारने काढून घेतलं आणि लोकांच्या हाती कडी ठेवली. आमचे आजोबा सांगायचे, तो पैसा खिळ्याखाली वॉशर म्हणून घालायला बरा पडायचा. म्हणजे सरकारने वाचवलं, आणि जे उरलं त्याचंही लोकांनी भंगार करून टाकलं.

मग स्टील आलं. आमच्या पिढीने तांब्या-पितळेचा शेवटचा काळ पाहिला. कल्हईवाला दारात भाता मांडून बसायचा, नवसागराचा धूर नाकात जायचा, कापसाच्या बोळ्याने तो कथील फिरवायचा आणि काळं पातेलं एका क्षणात चांदीसारखं व्हायचं. पण रोज चिंच लावून घासणाऱ्या बाईला विचारा, तिला या चांदीचं कौतुक नव्हतं. स्टील हलकं, कल्हई नको, चिंच नको. त्यामुळे ‘पितळेची भांडी किती छान होती’ म्हणणाऱ्या पुरुषांचं मी फार मनावर घेत नाही. हौस म्हणून तांब्याच्या बाटलीतून पाणी पिणं वेगळं, रोज वीस भांडी राखेने उजळणं वेगळं.

स्टीलबरोबर बोहारीण आली. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत डबे. जुन्या कपड्यांवर भांडं. जरीची साडी असेल तर तिचं तोंड उजळायचं. घासाघीस तासभर चालायची, आई एक साडी मागे ओढायची, ती एक वाटी वर ठेवायची. मुलांसाठी वेगळा बाजार : लोखंडाचा तुकडा, फुटकी चप्पल, औषधाची बाटली दिली की गारेगार किंवा सोनपापडी. आम्ही गारेगारसाठी शेजारच्या गोठ्यातली नालसुद्धा पळवली आहे. आता गल्लीतून टेम्पो फिरतो, त्यावर स्पीकर, भंगारावर लसूण किंवा खजूर. पद्धत तीच, फक्त आवाज रेकॉर्ड केलेला.

भंगाराच्या पापात मी स्वतः सामील आहे, तेही सांगून टाकतो. डिप्लोमा करून २००२ मध्ये मी इथल्या एका साप्ताहिकात लागलो. अंक तेव्हा ऑफसेटवर बाहेरून छापून यायचा, पण मागच्या खोलीत ट्रेडल मशीन होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेच्या पत्रिका त्यावर निघायच्या. भिंतीला लाकडी केसेस, त्यांत शिशाचे खिळे. मराठीचं केस इंग्रजीसारखं सुटसुटीत नसतं. मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो घरं. आमचे खिळे जुळवणारे अण्णा न पाहता हात घालायचे आणि नेमका ‘क्ष’ काढायचे. वाचायचे उलट. आरशातली मराठी त्यांना सुलट मराठीपेक्षा लवकर वाचता यायची.

दोन वर्षांनी मालकांनी ठरवलं, खोली भाड्याने द्यायची. खिळे विकायचं काम माझ्याकडे आलं, मी तरुण म्हणून. गोणपाटात भरून रिक्षाने नेले, तीन खेपा. जुने अक्षरांचे कारखाने, निर्णयसागरसारखे, ज्या टाइपाच्या वळणासाठी नावाजले गेले, तशा वळणाचे खिळे होते ते. जावजी दादाजींनी १८६४ च्या सुमारास मुंबईत टाइप ओतायला सुरुवात केली आणि १८६९ मध्ये छापखाना काढला. त्यांची अक्षरं डोळ्याला किती गोड लागतात हे जुनी पुस्तकं पाहणाऱ्याला सांगायला नको. भंगारवाल्याने मूठभर खिळे हातात घेतले, एक दाताखाली धरून पाहिला आणि शिशाचा भाव लावला. टाइपाच्या शिशात अँटिमनी आणि कथील असतं, बॅटरीच्या प्लेटांनाही शिशाबरोबर अँटिमनी लागतं, त्यामुळे गिऱ्हाईक तयार होतं. आमच्या गावची लग्नं, बारशी, निधनवार्ता, निवडणुकीची पत्रकं ज्यांनी छापली ते खिळे बहुधा कुठल्या तरी ट्रकच्या बॅटरीत गेले.

मी मूठभर खिळे खिशात टाकले. आज टेबलावर आहेत, त्यात पाच ‘ळ’ आहेत. अण्णांना विचारलं, तुम्हाला हवेत का? म्हणाले, “नको रे. चाळीस वर्षं ते शिसं छातीत घेतलंय, तेवढं पुरे.” त्यावर काय बोलायचं ते मला तेव्हा सुचलं नाही, आताही सुचत नाही.

आता हे भंगार जातं कुठे? आपल्या भागातलं बरंचसं लोखंड जालन्याला. तिथे भट्ट्या आहेत, त्यांत जुनं लोखंड वितळतं आणि बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडतं. तुमच्या नव्या स्लॅबमध्ये तुमच्याच आजोबांच्या मोटेची कडी असू शकते. पितळेचे तुकडे गुजरातेत जामनगरपर्यंत जातात, तिथे नळाचे आणि विजेच्या सामानाचे बारीक भाग होतात. मालेगावचं तर अर्थशास्त्रच जुन्यावर उभं राहिलं. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग आणून मालेगाव आणि भिवंडीने ते चालवले. गिरणीला जे भंगार, ते मालेगावच्या विणकराला घरदार. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर ज्या गिरण्या उठल्याच नाहीत, त्यांची यंत्रं किलोवर गेली. जमिनींना मात्र चौरस फुटाचा भाव आला. एकाच आवारात दोन काटे.

आणि विक्रांत. १९६१ मध्ये नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात लढलेली, १९९७ ला निवृत्त झालेली आपली पहिली विमानवाहू नौका. काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तिचं कायमचं स्मारक व्हावं म्हणून घोषणा किती झाल्या ते जुने अंक काढून पाहा. शेवटी खर्च परवडत नाही म्हणून २०१४ मध्ये सुमारे साठ कोटींना ती लिलावात गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि दारूखान्याच्या बंदरात तिच्यावर गॅसकटर चालले. त्यातल्या लोखंडाचा अंश वापरून मोटारसायकल काढली गेली, लोकांनी रांगा लावून घेतली. आमच्या गावातही एक जण घेऊन आला होता. टाकीला हात लावून सांगायचा, हे विक्रांतचं लोखंड. मी हसलो होतो. आता वाटतं, त्याने निदान आठवण तरी विकत घेतली.

या सगळ्यात ज्यांची नावं कुठल्याच भांड्यावर नाहीत ती माणसं राहिली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा-सोलापूरकडची कुटुंबं पुण्या-मुंबईला गेली. शेत नाही, जातीमुळे दुसरं काम नाही, म्हणून अनेक बायका उकिरड्यावर वेचायला लागल्या. पुण्यात काही जणी दारोदार विकत घेणाऱ्या, त्यांना डबाबाटलीवाल्या म्हणत. दोन्ही कामं एकच वाटत असली तरी त्यांच्यातही पायऱ्या होत्या : विकत घेणारी स्वतःला वेचणारीपेक्षा वर समजायची. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने आणि पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण अशा कार्यकर्त्यांच्या कामातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. नावातच माल आहे बघा : कागद, काच, पत्रा. त्यांची मागणी साधी होती. आम्ही कचरा उचलतो म्हणजे शहराचं काम करतो, ते काम आहे असं लिहून द्या. पालिकेने फोटोचं ओळखपत्र दिलं. पोलिसाने अडवलं तर दाखवायला कागद झाला. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला लागली.

पोलिसाचं म्हटलं म्हणून सांगतो. शेतातल्या मोटारीची केबल चोरीला गेली की आमच्याकडे पहिली धाड पालावर पडते. केबलचोरी खोटी नाही, माझ्या चुलत्याची दोनदा गेली, ऐन उन्हाळ्यात कांदा वाळला. पण जाळलेलं तांबं पालावर राहत नाही, ते कोणाच्या तरी मोठ्या काट्यावर जातं, आणि तो काटा कुठे आहे हे गावाला माहीत असतं. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांची त्यातून सुटका झाली. कायदा निर्लेखित झाला, सवय अजून साठ्यात आहे.

धोकाही यांच्याच वाट्याला. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात किरणोत्सर्गी कोबाल्ट निघालं. दिल्ली विद्यापीठाने अनेक वर्षं न वापरलेलं प्रयोगशाळेतलं यंत्र लिलावात काढलं होतं, जाहीर, रीतसर. भंगारात काम करणाऱ्यांनी ते फोडलं. एक जण दगावला, बाकीचे भाजले, आजारी पडले. यादीत ते यंत्र काय म्हणून लिहिलं असेल याचा मी विचार करतो. ‘जुने यंत्र, नग १’ असंच काहीतरी. आपल्या यादीत बाब एकोणीस ‘जुने विद्युत साहित्य, सरसकट’ आहे. त्यात गोदामातले फुटके बल्ब, ट्यूब आणि कॉम्प्युटरचे डबे आहेत. ट्यूबमध्ये पारा असतो. ई-कचऱ्याचे नियम २०११ पासून आहेत, नंतर दोनदा नव्याने आले, असा माल नोंदणीकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. सरसकट लिलावात तो कोणाच्या हाती फुटणार, सांगायला नको.

आमच्या गावात अशा वेचणाऱ्या तीसेक बायका आहेत. त्यातल्या एका मावशींना मी रोज पहाटे पाहतो. पिशवीत चुंबक असतं, दोरीला बांधलेलं. चिकटलं तर लोखंड, नाही तर पुढची परीक्षा : पितळ, तांबं, जर्मन (ॲल्युमिनियमला आमच्याकडे अजून जर्मन म्हणतात). प्लास्टिक त्या आवाजावरून ओळखतात. त्यांना टोलाबद्दल विचारलं. म्हणाल्या, “माझी सासू त्याच्या पाचच्या ठोक्याला उठायची. इकू नका म्हणावं.” मग थोडं थांबून, “आमचं पन बगा की भाऊ.”

त्यांचं म्हणजे काय, तर त्याच फलकावर टोलाच्या नोटिशीखाली दुसरा कागद आहे. सुका कचरा उचलण्याचा आणि विकण्याचा एकत्रित ठेका. यापुढे गावातला कागद, काच, पत्रा, प्लास्टिक ठेकेदाराच्या मालकीचं. गाडीत पडण्याआधी दुसऱ्या कोणी उचललं तर दंड. या तीस बायकांचा उल्लेख कागदात कुठेच नाही, निर्लेखित म्हणूनसुद्धा नाही. मी संबंधित अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, अशा कोणी नोंदणीकृत नाहीत. खरं आहे. नोंद कोणी करायची होती, हे विचारल्यावर त्यांना मीटिंग आठवली. घनकचऱ्याच्या नियमांत कचरावेचकांना ओळख देऊन यंत्रणेत सामावून घ्यायला स्थानिक संस्थांना सांगितलेलं आहे. त्याची प्रत मी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

लिलाव येत्या मंगळवारी सकाळी ११ वाजता जुन्या कचेरीच्या आवारात आहे. अनामत पाच हजार. बाब ३४ यादीतून वगळावी आणि बाब १९ सरसकट विकू नये, असे दोन अर्ज दिलेत, पोचपावती घेतलीय. तांबट काका टोल कासं असल्याचं लिहून द्यायला तयार आहेत, वजनही त्यांच्याच काट्यावर करू म्हणतात. कोणाकडे टोलाचा, कचेरीचा किंवा ठोके देणाऱ्या शिपाईमामांचा जुना फोटो असेल तर मला पाठवा, अर्जाला जोडतो.

ठेक्याचा विषय गुरुवारच्या सर्वसाधारण सभेत आहे, दुपारी ३ वाजता. मावशी आणि त्यांच्याबरोबरच्या बायका येणार आहेत, त्या दिवशीचा रोज बुडवून. सभागृहात प्रेक्षकांसाठी बारा खुर्च्या आहेत. आपापल्या नगरसेवकाला तेवढा फोन करा, नाव सांगून करा.